ज्येष्ठनिवासातला आश्विन

ज्येष्ठनिवासांत सणांची खरी लगबग आश्विनात. घटस्थापनेपासून भोंडला: मधोमध पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर. गुडघे कुरकुरणाऱ्या आजी खुर्च्यांचं रिंगण करून टाळ्यांवर गातात. गाण्यांसाठी वही कुणालाच लागत नाही. शेवटी डबा वाजवून खिरापत ओळखायची.

मग कोजागरी. केशर-चारोळीचं आटीव दूध दोन पातेल्यांत, त्यातलं एक बिनसाखरेचं. मध्यरात्रीपर्यंत जागायचा नियम इथे बहुधा दहालाच शिथिल होतो! याच पौर्णिमेला पहिल्या अपत्याला ओवाळायची ‘आश्विनी’ची प्रथा आहे. ऐंशीच्या थोरल्याला ओवाळायला आई कुठून आणायची? अशा वेळी शेजारच्या खोलीतल्या आजींनी निरांजन हाती घ्यावं.

आश्विनानंतर पुढे येणाऱ्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ‘तिळगूळ समारंभ’ म्हणणंच शहाणपणाचं. जोडीदार गमावलेल्या स्त्रिया इथे बऱ्याच, आणि वाण सगळ्यांनाच हवं असतं.

आश्विनातल्या सणांच्या सुमारासच येणारा १ ऑक्टोबरचा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये ठरवला. त्या दिवशी भाषणं फार होतात.

भोंडल्याला पाहुणे म्हणून जाणार असाल, तर खिरापत मऊ न्या. चकली नको.