गाढवावरून आलेला अर्ज

ऑक्टोबर 2023 मध्ये मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर विधानसभा मतदारसंघासाठी प्रियांक सिंह ठाकूर हे अपक्ष उमेदवार चक्क गाढवावर बसून अर्ज भरायला गेले. सगळे पक्ष घराणेशाहीत बुडालेत, जनतेला गाढव बनवतात, असा त्यांचा आरोप. फोटो दूरवर पोचले. बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात बसून मला प्रश्न पडला तो अर्जावर सह्या करणाऱ्या दहा सूचकांचा.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात, तेही त्याच मतदारसंघाच्या यादीतले. अपक्षांच्या अर्जाची ही तयारी मी जवळून पाहिली आहे. गल्लीत पावरलूमचा खडखडाट, ओट्यावर मतदारयादीची पानं, आणि प्रत्येक सूचकाचा भाग क्रमांक व अनुक्रमांक बोटानं ताडून पाहणारा कुणीतरी. सही करण्याआधी माणूस हमखास विचारतो, उद्या घरी कुणी चौकशीला तर येणार नाही ना? समजूत काढावी लागते. गाढव आणणं त्यामानानं सोपं.

मग प्रतिज्ञापत्र. मालमत्ता, कर्ज, खटले, शिक्षण, सगळे रकाने भरायचे. काही नसेल तिथंही ‘निरंक’ लिहायचं, कारण सूचना देऊनही रकाना कोरा राहिला तर अर्ज फेटाळता येतो. निवडणूक खर्चासाठी बँकेत वेगळं खातं. चिन्हासाठी निवडणूक आयोगाच्या मुक्त यादीतून पसंतीक्रम. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा, नाहीतर तीन वर्षांची अपात्रता ओढवू शकते. उमेदवार थट्टा करत असला तरी कायदा त्याला थट्टेवारी नेत नाही, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

अनामत रक्कम 10,000 रुपये. 1996 पर्यंत ती अवघी 250 होती. त्या वर्षी तमिळनाडूतल्या मोडाकुरिचीत 1,033 उमेदवार उभे राहिले, मतपत्रिकेची पुस्तिका छापावी लागली. त्यानंतर रक्कम आणि सूचक दोन्ही वाढले. एक षष्ठांशाहून कमी मतं मिळाली की अनामत जप्त. पावरलूमवर, केळीच्या बागेत राबणाऱ्याला ही रक्कम परवडत नाही, म्हणून त्याचा निषेध अर्जापर्यंत पोचतच नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

बऱ्हाणपुरात अपक्षाला हसून सोडणं धोक्याचं आहे. 2018 मध्ये सुरेंद्र सिंह ‘शेरा’ यांनी अपक्ष लढून तेव्हाच्या मंत्री अर्चना चिटणीस यांना 5,120 मतांनी हरवलं. 2023 ला चिटणीस परत निवडून आल्या. 2022 ची महापौरपदाची लढत तर हजारापेक्षा कमी मतांनी ठरली; इतक्या फरकात अपक्षाची थोडी मतंही निकाल फिरवू शकतात.

पुढच्या निवडणुकीत असा कुणी अपक्ष सूचकाच्या सहीसाठी दारात आला, तर मत त्यालाच द्या असं मी म्हणत नाही. त्याला ओट्यावर बसवा, तो का उभा राहतोय ते विचारा, आणि पटलं तर सही करा.