दप्तर जिवंत कसे राहते?

आमची मातृभाषा कोंकणी. आमच्या आजीला जात्यावरच्या पुष्कळ कोंकणी ओव्या पाठ होत्या. त्यांपैकी शंभरावर ओव्या आम्ही तिच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून संगणकावर ठेवल्या होत्या. सावधगिरी म्हणून त्यांची एक प्रत निराळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतली; पण ती डिस्क ठेवली मात्र संगणकाशेजारच्याच फडताळात. पुढे येथे बालाघाटला एका पावसाळ्यात छत गळले आणि दोन्ही एकाच रात्रीत भिजून निकामी झाली. आजी तोपर्यंत हयात नव्हती. प्रत असूनही आम्ही रिकाम्या हातांनी का राहिलो, याचा शोध घेताना जे कळले ते येथे सांगत आहोत.

रेल्वेचे आरक्षण, बँकेतील खाती, तुमचे परीक्षेचे गुण ही सारी आज संगणकातील मोठमोठी दप्तरे झाली आहेत. त्यांना डेटाबेस म्हणतात. अशा दप्तराकडून आपण दोन अपेक्षा करतो. ते केव्हाही उघडे असावे ही एक. आणि दैववशात नष्ट झालेच, तर पुन्हा उभे करता यावे ही दुसरी. या दोन्ही अपेक्षा एकच आहेत असा पुष्कळांचा समज असतो, आणि घोटाळा होतो तो तेथेच.

पहिल्या अपेक्षेसाठी एकाऐवजी अनेक संगणकांचा जथा ठेवतात. त्याला क्लस्टर असे नाव आहे. त्यांतील एक मुख्य. तो जी नोंद करील तीच इतरांनी करावयाची. मुख्य संगणक क्षणोक्षणी ‘मी आहे’ असा संकेत धाडीत असतो. तो थांबला की दुसरा त्याची जागा घेतो, आणि खिडकीशी उभ्या असलेल्या प्रवाशाला त्याची वार्ताही नसते. पण मुख्य चालू असताना मधली तारच तुटली तर? दोघेही स्वतःला मुख्य समजून नोंदी करू लागतील आणि गाडीतील एकच जागा दोघांना मिळेल! म्हणून जथ्यातील संख्या बहुधा विषम, निदान तीन, ठेवतात. ज्याच्या बाजूला बहुमत, त्यानेच मुख्यपद सांभाळावयाचे. लोकशाहीचा हा उपयोग आमच्या कधी ध्यानात आला नव्हता.

तथापि, जथा नक्कल करतो ती चुकांचीही करतो. मुख्याने एखादे पान पुसले की सर्वांची पाने पुसली जातात. तेथे जथा कामाचा नाही. तेथे जुनी प्रत हवी आणि तिच्या जोडीला रोजकीर्द हवी. जुन्या चालीचा व्यापारी व्यवहार आधी रोजकिर्दीत टिपतो आणि मग खतावणीत चढवतो. डेटाबेसही अगदी हेच करतो. खतावणी जळाली तरी काल रात्रीची प्रत घ्यावी, तिच्यावर रोजकिर्दीतील नोंदी क्रमाने चढवाव्यात, आणि चुकीची नोंद होण्याच्या आदल्या क्षणी थांबावे. गेलेले दप्तर परत उभे राहते.

या कामी अर्धवट राहिलेले व्यवहार रद्द करावे लागतात. अर्धवट लेखाचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या नावाने ओळखले जाते. वाकाटक राजा दुसरा पृथिवीषेण याच्या बालाघाट ताम्रपटात राजवंशाची वंशावळ कोरलेली आहे. परंतु कोणाला काय दान दिले ते कोरावयाचे राहूनच गेले. इतिहासकारांना तेवढी वंशावळही मोलाची वाटली. बँकेत मात्र एका खात्यातून वजा झालेली रक्कम दुसऱ्यात जमा झाली नसेल, तर तो व्यवहार मुळातच न झाल्यासारखा मानणे भाग असते.

आता प्रत कोठे ठेवावी? आमच्या फडताळाने दिलेले उत्तर असे की, दूर. क्लाउड म्हणजे आभाळातील काही वस्तू नव्हे. दूरदूरच्या इमारतींतील भाड्याने मिळणारे संगणक ते. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे, आणि ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत अशी केंद्रे उघडली. पण दूरत्वालाही किंमत पडते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबई-चेन्नई अंतर हजारेक किलोमीटर. तेव्हा निरोप जाऊन पोच यावयास सेकंदाचा शंभरावा भाग तरी लागणारच. प्रत्येक नोंदीला इतके थांबणे शेअर बाजाराला परवडत नाही. म्हणून दूरचे दप्तर नेहमी किंचित मागे असते.

मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे पर्यायी केंद्र चेन्नईस होते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दूरसंचाराच्या जोडण्यांत बिघाड होऊन जोखीम-नियंत्रणाची यंत्रणा बंद पडली आणि ११.४० वाजता व्यवहार थांबले. चेन्नईस केंद्र असूनही काम तिकडे नेले गेले नाही! बाजार पुन्हा उघडला तो दुपारी ३.४५ वाजता. काम तिकडे का नेले नाही, असे सेबीने विचारले, आणि पुढच्याच महिन्यात नियम कडक केला: आपत्ती जाहीर झाल्यापासून ४५ मिनिटांत काम सुरू झाले पाहिजे. आणि २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, सुटी असताना बाजार मुद्दाम उघडून पहिला भाग मुख्य केंद्रातून व दुसरा पर्यायी केंद्रातून चालविण्यात आला. आपल्या स्नेहसंमेलनाच्या नाटकाला रंगीत तालीम असते तशीच ही, मात्र खऱ्या पैशांची.

तालीम न केल्यास काय होते ते गिटलॅब या परदेशी कंपनीने ३१ जानेवारी २०१७ रोजी अनुभवले. मुख्य दप्तर हातून चुकून पुसले गेले. बचावाचे पाच उपाय योजलेले होते. प्रसंगी त्यांतील एकही भरवशाचा ठरला नाही. सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली म्हणून निभावले. मधल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

आमच्या आत्याने मडगावी आपल्या फोनवर आजीच्या अकरा ओव्या टिपून ठेवल्या होत्या. त्या आता तीन ठिकाणी आहेत: एक प्रत बालाघाटला, एक मडगावी, एक क्लाउडवर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही तिन्ही उघडून ऐकतो. अकरावी ओवी मात्र मध्येच तुटते. त्या दिवशी आत्याला कोणाचा तरी फोन आला होता.