आईच्या उराची ऊब

‘बाळाला काचेच्या पेटीत ठेवले आहे,’ हे वाक्य ऐकताच घरातील मंडळींचे चेहरे उतरतात. दिवस पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या किंवा फार कमी वजनाच्या बाळाला मोठे भय असते ते थंडीचे, आणि त्यासाठी हिवाळाच असावा लागतो असे नाही. अशा बाळाच्या त्वचेखाली मेदाचा थर जवळजवळ नसतोच. ओले अंग पुसण्यास विलंब झाला, पंखा चालू राहिला, गार वजनकाट्यावर त्याला उघडे ठेवले, एवढ्यानेही त्याचे तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू शकते. मग बाळ दूध ओढीत नाही, रक्तातील साखर घटते, श्वास अडखळू लागतो.

१९७८ साली कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील एका मोठ्या सरकारी प्रसूतिगृहात या पेट्याच अपुऱ्या होत्या. एकेका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. तेथील डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळाला आईच्याच उराशी, त्वचेला त्वचा भिडवून, उभे बांधण्यास सांगितले. पुढे डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी त्यांना साथ दिली. कांगारू आपले अपुऱ्या वाढीचे पिल्लू पोटाच्या पिशवीत सांभाळते, त्यावरून या पद्धतीला कांगारू मातृसेवा हे नाव मिळाले.

यंत्र नाही म्हणून केलेली तडजोड, असेच तिच्याकडे दीर्घकाळ पाहिले गेले. बाळ प्रथम यंत्राच्या आधाराने स्थिर व्हावे, मगच आईकडे द्यावे, असा प्रघात होता. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया व भारत येथे तो पारखून पाहिला. भारतातील केंद्र होते दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय व त्याला जोडलेले वर्धमान महावीर वैद्यकीय महाविद्यालय. एक किलो ते १.८ किलोच्या आतील काही बाळांना जन्मानंतर लगेच उराशी धरण्यात आले, तर काहींना जुन्या प्रघाताप्रमाणे नंतर. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या २८ दिवसांत नंतर उराशी घेतलेल्यांपैकी १५.७ टक्के बाळे दगावली, तर लगेच घेतलेल्यांपैकी १२ टक्के. लाभ इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला.

यासाठी एक अट मात्र पाळावी लागली. अतिदक्षता विभागात बाळाशेजारी आईची खाट असावी लागली. आपल्या समाजात औषधदानाची परंपरा मोठी आहे आणि रुग्णालयांना यंत्रे देणारे दातेही पुष्कळ आहेत. यंत्रे हवीतच, श्वासाला मदत लागणाऱ्या बाळाचे त्यांच्यावाचून चालत नाही. परंतु आईसाठी खाट, मागे रेलता येईल अशी खुर्ची, तिचे दोन वेळचे जेवण यांसाठी देणगी देण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. कदाचित खुर्चीवर नामफलक शोभत नसावा!

घरी आल्यावरही ही सेवा चालू ठेवावयाची असते. बाळाच्या अंगावर टोपडे, मोजे व लंगोट एवढेच असावे. त्याला आईच्या दोन्ही स्तनांमध्ये उभे ठेवावे, मान एका बाजूस वळलेली, नाक मोकळे, हातपाय बेडकासारखे दुमडलेले. वरून मऊ कापडाने दोघांना बांधून घ्यावे. दिवसातून किमान आठ तास, जमेल तेवढे अधिक. एकटी आई हे कसे निभावणार? सोयराचे दिवस म्हणून तिला एका खोलीत एकटे ठेवण्याची रीत येथे बाळालाच जड जाते. वडील, आजी, मावशी, कोणीही निरोगी व्यक्ती स्वच्छ अंगाने बाळाला उराशी घेऊ शकते.

अधूनमधून हाताच्या पाठीने बाळाचे पोट व तळपाय चाचपावेत. पोट उबदार पण तळपाय गार असतील, तर ऊब कमी पडते आहे. दोन्ही गार लागले, तर बाळाला तसेच उराशी बांधून तातडीने रुग्णालय गाठावे. आणि पहिली आंघोळ? ती किमान २४ तास तरी नकोच. कमी वजनाच्या बाळाला डॉक्टर सांगतील तेव्हाच, मग शेजारपाजारचे काहीही म्हणोत.