आतड्यांचा जीर्ण दाह : रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडमधील वैद्य सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ साली मोठ्या आतड्याच्या व्रणयुक्त दाहाचे वर्णन केले, आणि १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपनहायमर या तिघांनी लहान आतड्याच्या अंतिम भागातील जीर्ण दाहाची मांडणी वैद्यकीय जगापुढे ठेवली. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ आणि ‘क्रोन्स डिसीज’ या नावांनी ओळखले जाणारे हे दोन रोग परस्परांचे निकटचे आप्त असले, तरी त्यांची रीत निराळी आहे : पहिला गुदाशयापासून आरंभ करून मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता पसरतो, तर दुसरा मुखापासून गुदद्वारापर्यंत कोठेही उद्भवून आतड्याच्या भिंतीचे सर्व थर पोखरू शकतो. २०१७ सालच्या जागतिक अंदाजानुसार या रोगांनी ग्रस्त माणसांची संख्या ६८ लाखांच्या घरात होती. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढील अडचणींचे मूळ रोगाच्या स्वभावात तर आहेच. परंतु त्या अडचणींचा फार मोठा हिस्सा रुग्ण, त्याचे आप्तेष्ट आणि कधी कधी खुद्द वैद्यकीय व्यवसायी यांनी गृहीत धरलेल्या समजुतींतून निर्माण होतो, आणि तो टाळता येण्याजोगा असल्यामुळेच या समजुतींचा येथे परामर्श घ्यावयाचा आहे.

गैरसमज पहिला : हा पाश्चात्त्यांचा रोग; आपल्याकडे तो क्वचितच.

विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात वैद्यकीय ग्रंथांतूनही असेच लिहिले जात असल्यामुळे या समजुतीचा दोष एकट्या सामान्य माणसाच्या पदरी घालता येणार नाही. परंतु १९९९ साली पंजाबात ५१,९१० लोकांची पाहणी करून आणि संशयितांची दुर्बिणीने तपासणी करून जेव्हा २३ जणांस अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे निष्पन्न झाले, म्हणजे दर लाख लोकांमागे ४४ रुग्ण असे प्रमाण हाती आले, तेव्हा या समजुतीचा आधारच गेला. त्यापूर्वी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीने इंग्लंडमधील लेस्टर परिसरात स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांत हा रोग तेथील मूळच्या रहिवाशांहून अधिक होत असल्याचे दाखवून दिले होते. वंशामुळे कोणासही अभय मिळत नाही, हा त्याचा अर्थ. आज पाश्चात्त्य देशांत नव्या रुग्णांचे प्रमाण बरेचसे स्थिरावले असून आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील नव्याने उद्योगप्रधान होणाऱ्या देशांत ते वाढत आहे. आणि ज्या देशांत पोटविकारतज्ज्ञ मोठ्या शहरांपुरतेच आहेत, तेथेच हा भार वाढावा, ही जागतिक पातळीवरील पहिली मोठी अडचण होय.

गैरसमज दुसरा : शौचावाटे रक्त पडते म्हणजे मूळव्याध किंवा आंव.

बहुतेक वेळा ते तसे असतेही, आणि म्हणूनच ही समजूत घातक ठरते. मूळव्याधीचे मलम, आंवेच्या गोळ्या, मग पथ्य, मग दुसऱ्या गोळ्या, अशा क्रमाने महिने आणि कधी वर्षे निघून जातात, आणि त्या अवधीत क्रोन रोगाच्या रुग्णाचे आतडे जागोजाग आकसून अरुंद होत जाते. चार आठवड्यांहून अधिक काळ टिकलेले जुलाब, रक्ताबरोबर पडणारा शेंब, रात्री झोपेतून उठवणारी शौचाची घाई, घटणारे वजन आणि रक्तक्षय ही लक्षणे मूळव्याधीच्या खाती मांडता येत नाहीत. शौचातील कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाची चाचणी दाहाचा रोग आणि आतड्याच्या केवळ चालीतील बिघाड यांत फरक करण्यास मोठी मदत करते. उलट दिशेची चूकही तितकीच गंभीर आहे : अमीबामुळे झालेल्या दाहास कोलायटिस समजून स्टेरॉइड दिल्यास आतडे फुटण्यापर्यंत पाळी येऊ शकते, म्हणून उपचारापूर्वी जंतूंचा तपास करणे अगत्याचे असते.

गैरसमज तिसरा : दुर्बिणीने पाहिले आणि तुकडा तपासला, की निदान पक्के.

क्षयरोगाचे प्राबल्य असलेल्या देशांत डॉक्टरांची खरी कसोटी येथे लागते. आतड्याचा क्षय आणि क्रोन रोग हे दोन्ही लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळ ठाण मांडतात. पोटदुखी, ज्वर, कृशता ही लक्षणे दोहोंची. व्रण आणि आकुंचनही दोहोंत. सूक्ष्मदर्शकाखाली दोहोंत ग्रॅन्युलोमा नावाचे पेशींचे पुंजके आढळतात. ते मोठे, एकमेकांत मिसळलेले आणि मधोमध मृत झालेले असतील तर कौल क्षयाकडे. लहान, विरळ आणि सुटे असतील तर क्रोनकडे. परंतु चिमट्याने काढलेल्या त्या इवल्याशा तुकड्यात ते पुंजके अनेकदा सापडतच नाहीत आणि क्षयाच्या जंतूंची चाचणीही कित्येकदा नकारात्मक येते, तेव्हा डॉक्टरांस निवाडा लांबणीवर टाकावा लागतो. अशा वेळी क्षयावरील औषधे सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले की नाही ते पाहण्याची पद्धत आहे. भरले असतील तर ती औषधे पूर्ण मुदतीपर्यंत चालवावयाची. तसेच राहिले असतील तर क्रोनचा विचार करावयाचा. या प्रतीक्षेत क्रोनच्या रुग्णाचा बहुमोल काळ खर्ची पडतो हे खरे. पण क्षय असताना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिल्यास प्राणावर बेतते, आणि म्हणून ‘डॉक्टरांना रोगच कळला नाही’ ही अशा प्रसंगी केली जाणारी फिर्याद न्याय्य नाही.

गैरसमज चौथा : स्टेरॉइडने आराम पडला, म्हणजे रोग गेला.

१९५५ साली ऑक्सफर्डचे ट्रूलव्ह आणि विट्स यांनी तुलनात्मक चाचणी करून कॉर्टिसोनमुळे कोलायटिसच्या तीव्र झटक्यातील मृत्यू कमी होतात हे सिद्ध केले. तीव्र झटका ओळखण्याची त्यांची कसोटी आजही जगभर वापरली जाते : दिवसातून सहा किंवा अधिक रक्तमिश्रित शौच, आणि जोडीला नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा रक्तपेशींचा अवसादन वेग ३० च्या वर, यांपैकी एक जरी आढळले तरी रुग्णास विनाविलंब रुग्णालयात दाखल करावे. घड्याळ, तापमापक आणि साध्या रक्तचाचण्या एवढ्या सामग्रीवर तालुक्याच्या गावीही हे करता येते. परंतु स्टेरॉइड झटका शमवते, तो पुन्हा येण्यास अटकाव करीत नाही, आणि वर्षानुवर्षे घेतल्यास हाडे ठिसूळ करते, मधुमेह जडवते, मुलांची वाढ खुंटवते. लक्षणे शमल्यावरही अस्तरातील दाह धुमसत राहू शकतो. यास्तव २०१५ पासूनच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत अस्तर भरून येणे हेच उपचाराचे उद्दिष्ट मानले आहे. बरे वाटताच औषध सोडणे हे रोग उलटण्याचे एक नेहमीचे कारण आहे. गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत तर घरातील वडीलधारी मंडळी काळजीपोटीच सर्व औषधे बंद करवतात. वास्तविक मेथोट्रेक्सेटसारखी काही औषधे गर्भधारणेपूर्वीच थांबवावी लागत असली, तरी बहुतेक चालू ठेवता येतात आणि बाळाला अधिक धोका भडकलेल्या रोगापासून असतो.

गैरसमज पाचवा : नवी जैविक औषधे रामबाण आहेत, प्रश्न फक्त पैशाचा.

१९९८ साली अमेरिकेत क्रोन रोगासाठी मान्यता मिळालेल्या इन्फ्लिक्सिमॅबने उपचाराचे नवे पर्व सुरू केले हे निर्विवाद. तथापि सुमारे एक तृतीयांश रुग्णांस त्या वर्गातील औषध आरंभीच लागू पडत नाही, आणि ज्यांना लागू पडते त्यांच्यातही काहींच्या बाबतीत त्याचा प्रभाव पुढे ओसरतो. शरीरात सुप्त असलेला क्षय या औषधांमुळे जागा होऊ शकतो, म्हणून छातीचा एक्स-रे आणि क्षयाच्या चाचण्या झाल्याशिवाय ती देता येत नाहीत. स्वस्त व जुन्या अॅझाथायोप्रिनचेही असेच : आशियाई लोकांत आढळणाऱ्या एका जनुकीय भेदामुळे काहींच्या पांढऱ्या पेशी त्याने धोकादायक पातळीवर उतरतात, सबब वारंवार रक्ततपासणी करण्यात हयगय चालत नाही. पैशाचा प्रश्न मात्र खोटा नाही. मूळ औषधाशी समतुल्य असलेल्या ‘बायोसिमिलर’ औषधांमुळे तो हलका होऊ शकतो, आणि ती हलक्या प्रतीची असतात या शंकेस नॉर्वेत झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने समर्पक उत्तर दिले आहे.

गैरसमज सहावा : तिखट खाण्याने आणि चिंता करण्याने हा रोग जडतो.

आनुवंशिक कल, आतड्यातील जंतुसृष्टी, परिस्थिती आणि बिथरलेली प्रतिकारयंत्रणा यांच्या संयोगातून हा रोग उद्भवतो. तो संसर्गजन्य नाही. आहार व ताण यांमुळे त्रास वाढू शकतो, परंतु विशीतल्या रुग्णास ‘तुझ्याच जिभेने हे ओढवून घेतलेस’ असे बोल लावण्यास शास्त्राचा आधार नाही.

गैरसमज सातवा : शस्त्रक्रिया म्हणजे उपचारांचा पराभव.

योग्य वेळी केलेली शस्त्रक्रिया प्राण वाचवते, आणि लांबवलेली तेच प्राण संकटात लोटते. कोलायटिसमध्ये मोठे आतडे काढून टाकल्यावर लहान आतड्याचीच पिशवी तयार करून नैसर्गिक मार्ग कायम राखण्याची पद्धत लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स व निकोल्स यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. क्रोनमध्ये सांधलेल्या जागी रोग पुन्हा उद्भवू शकतो, म्हणून त्यानंतरही देखरेख लागते.

हे रोग औषधांनी समूळ नष्ट होत नाहीत, पण बहुसंख्य रुग्ण शिक्षण, नोकरी, संसार सर्व काही करीत आयुष्य व्यतीत करू शकतात, हा या साऱ्या विवेचनाचा निष्कर्ष आहे. वाचकांस कळकळीची विनंती एवढीच की, चार आठवड्यांहून अधिक काळ जुलाब वा रक्तस्राव टिकल्यास संकोच न धरता तज्ज्ञाकडे जावे. निदान झाल्यावर डॉक्टरांस विचारल्याखेरीज एकही गोळी बंद करू नये. आणि मोठ्या आतड्याचा रोग आठ वर्षांचा झाला की, काहीही त्रास नसला तरी, कर्करोगाच्या टेहळणीसाठी दुर्बिणीची तपासणी चुकवू नये.