व्याख्यान घरात, आकाश अंगणात
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सात-आठ जून आला की पेण तालुक्यातला शेतकरी 'मृग लागला' म्हणतो आणि आभाळाकडे बघतो. बघतो ते पावसासाठी. पण समजा, त्या रात्री ढग नाहीत आणि एखादा हौशी माणूस मृगाचे तारे शोधायला अंगणात उभा राहिला, तर त्याला ते सापडणार नाहीत. मृग लागला याचा अर्थच मुळी सूर्य मृग नक्षत्रात आला. जे तारे सूर्याच्या जोडीने उगवतात आणि त्याच्याच जोडीने मावळतात, ते रात्री दिसणार कसे? त्यांच्यासाठी थंडीची वाट पाहावी लागते. डिसेंबरात दिवेलागणीनंतर पूर्वेला बघा, मृग वर येताना दिसेल.

गोष्ट साधी आहे. पण ती कुणीतरी सांगावी लागते. एकदा सांगितली की पंचांगातले नक्षत्र आणि डोक्यावरचे नक्षत्र यांची सांगड बसते, ती कायमची. ही सांगड घालून देण्याचे काम आपल्याकडे हौशी खगोल मंडळे वर्षानुवर्षे करत आली आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ती आपल्या देशातली सर्वांत जुनी संस्था समजली जाते. मुंबईचे खगोल मंडळ उभे राहिले ते १९८५-८६ च्या सुमारास, हॅलेच्या धूमकेतूने सगळ्यांना वेड लावले होते त्या दिवसांत. अमावास्येच्या जवळचा शनिवार गाठून वांगणीला रात्रभर आकाशदर्शन करणे हा या मंडळाचा लोकप्रिय कार्यक्रम. कितीतरी जणांनी शनीची कडी पहिल्यांदा पाहिली ती अशाच कार्यक्रमांत.

अडचण एकच होती. ही मंडळे शहरांत, त्यांची व्याख्याने शहरांतल्या सभागृहांत. जिते घ्या. दिवा–रोहा मार्गावर आपटा सोडले की हे छोटे स्टेशन लागते. पुढे हमरापूर आणि मग पेण. मुंबई काही फार लांब नाही. पण संध्याकाळी सातला सुरू होणारे व्याख्यान ऐकून रात्री घरी परतायचे, तर या मार्गावरच्या गाड्या मोजक्या. दहावीतल्या मुलीला कोण पाठवणार? आणि सकाळी कामावर जाणारा माणूस तरी महिन्याच्या महिन्याला ही धावपळ कशी करणार? त्यामुळे आवड असूनही जित्यासारख्या गावातला माणूस बाहेरच राहायचा.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, सभागृहे बंद झाली आणि ठिकठिकाणच्या खगोल मंडळांनी आपली व्याख्याने इंटरनेटवर नेली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला गुरू आणि शनी आकाशात इतके जवळ आले, की दोघांतले अंतर चंद्रबिंबाच्या रुंदीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढे उरले. आदल्या संध्याकाळी मोबाइलवर माहिती ऐकायची आणि दुसऱ्या संध्याकाळी गच्चीवरून तेच दृश्य पाहायचे, असा अनुभव अनेकांनी घेतला. टाळेबंदी गेली, पण महिन्यातून एक ऑनलाइन व्याख्यान ही रीत काही ठिकाणी टिकून राहिली.

या व्याख्यानांची घडण साधारण ठरलेली असते. सुरुवातीला 'या महिन्याचे आकाश': कोणता ग्रह कुठे, ग्रहण आहे का, उल्कावर्षाव कोणत्या रात्री. मग मुख्य वक्ता. शेवटी प्रश्नोत्तरे. माझ्या मते खरी गंमत या शेवटच्या भागात आहे. सभागृहात हात वर करायला लाजणारी मुले इथे प्रश्न लिहून पाठवतात, तोही मराठीत. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने आकाशदर्शन जवळजवळ बंदच असते. त्या काळात तर अशा व्याख्यानांचा मोठा आधार. गणपती जवळ आले की हमरापूर-जोहे भागातल्या कारखान्यांत रात्री उशिरापर्यंत मूर्तींचे रंगकाम चालते. हात कामात असतात, कान मोकळे असतात. तिथे बसूनही व्याख्यान ऐकता येईल.

इथपर्यंत सगळे चांगलेच आहे. पण एक धोका दिसतो. पडद्यावर दुर्बिणीतून टिपलेली रंगीत तेजोमेघांची चित्रे बघून श्रोता खूश होतो, पडदा बंद करतो आणि झोपी जातो. दाराबाहेर जात नाही. असे झाले, तर ते व्याख्यान म्हणजे आणखी एक करमणूक ठरेल. खगोलशास्त्राला प्रेक्षकांपेक्षा निरीक्षकांची गरज जास्त आहे, आणि ते निरीक्षक एकाच शहरात असून भागत नाही. ते गावोगावी विखुरलेले हवेत.

असे का, ते उदाहरणाने सांगतो. कधी कधी एखादा लघुग्रह एखाद्या ताऱ्याच्या आड येतो आणि तारा काही सेकंद दिसेनासा होतो. याला पिधान म्हणतात. लघुग्रहाची ही सावली पृथ्वीवर एका अरुंद पट्ट्यातून जाते. पट्टा साधारण त्या लघुग्रहाच्या व्यासाएवढाच रुंद, कधी तर अवघा काही किलोमीटर. पट्ट्याबाहेरच्या मोठ्या वेधशाळेला काहीच दिसत नाही, पण पट्ट्यातल्या गावात छोटी दुर्बीण घेऊन बसलेल्याला दिसते. वेगवेगळ्या गावांतून तारा नेमका किती वेळ दिसेनासा झाला हे मोजले, की त्यावरून लघुग्रहाचा आकार काढता येतो. १० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तामिळनाडूतल्या कावलूरसह जगात अनेक ठिकाणांहून ते पिधान पाहिले गेले आणि युरेनसला कडी आहेत हे उघड झाले. तिथे मोठी साधने होती, पण तत्त्व तेच. उद्या एखाद्या लघुग्रहाची सावली पेण तालुक्यावरून जाणार असेल, तर पुण्या-मुंबईच्या मंडळाला जित्यात माणूस हवा. तो माणूस तयार करण्याचा सोपा मार्ग म्हणजे दर महिन्याचे हे व्याख्यान.

खेड्यात राहून हे जमेल का, अशी शंका येणे साहजिक आहे. त्यासाठी बंगालमधल्या जेसोरजवळ राहणाऱ्या राधागोविंद चंद्र यांचे उदाहरण आठवावे. ते सरकारी खजिन्यात नोकरीला होते. ज्यांचे तेज कमी-जास्त होते अशा रूपविकारी ताऱ्यांचा त्यांनी ध्यास घेतला. या ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणारी एक संस्था १९११ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली होती. तिच्याकडे ते टपालाने आपल्या नोंदी पाठवू लागले. काम पाहून संस्थेने १९२६ मध्ये त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली. आयुष्यभरात त्यांनी ३७ हजारांहून अधिक नोंदी केल्या. त्यांच्या पत्रांना समुद्र ओलांडायला आठवडे लागत. आपला निरोप क्षणात पोहोचतो, तेव्हा साधनांची सबब आपण सांगू नये.

सुरुवात तर दुर्बिणीशिवायही करता येते. ययाती नावाच्या तारकासमूहात अल्गोल हा तारा आहे. डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास तो आपल्या डोक्यावर, थोडा उत्तरेकडे असतो. खरे तर ते एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे आहेत. दर दोन दिवस, वीस तास आणि एकोणपन्नास मिनिटांनी त्यांतला मंद तारा तेजस्वी ताऱ्याला झाकतो आणि अल्गोलचे तेज सुमारे २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीपर्यंत उतरते. प्रतीचा आकडा वाढला की तारा मंद झाला, हे लक्षात ठेवायचे. उतरायला साधारण पाच तास, पुन्हा चढायला पाच तास. ज्यांची प्रत माहीत आहे असे दोन तारे जवळपास निवडायचे, एक अल्गोलहून तेजस्वी आणि एक मंद. त्या दोघांच्या मध्ये अल्गोल कुठे बसतो, याचा दर अर्ध्या तासाने अंदाज करायचा आणि वहीत वेळेसह लिहायचे. एका रात्रीत आलेख तयार! १७८३ साली ज्याने या ताऱ्याच्या नियमित मंदावण्याचे कारण सुचवले, तो जॉन गुडरिक इंग्लंडमधला अठरा वर्षांचा कर्णबधिर मुलगा होता.

जित्याच्या मुलांसाठी आणखी एक काम आहे आणि ते लांबणीवर टाकण्यासारखे नाही. या गावातून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून सुमारे १९ अंश उंच दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर ती दहा अंश भरते; म्हणजे ध्रुव जवळजवळ दोन मुठी वर. नेमक्या त्याच दिशेला पनवेल आणि नवी मुंबई आहेत. तिथली वस्ती, गोदामे, विमानतळ वाढत आहेत, आणि शहराच्या दिव्यांचा उजेड तीस-चाळीस किलोमीटरवरच्या आकाशालाही फिकट करतो. आधी तो क्षितिजावर दिसतो, मग हळूहळू वर चढतो. दक्षिणेकडे अजून बरे आहे. फेब्रुवारीत रात्री तिकडे अगस्तीचा तारा छान दिसतो. दर हिवाळ्यात, चंद्र नसलेल्या रात्री, मृगाच्या चौकोनात नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात ते मोजून ठेवावे. मृगाच्या आधाराने अंधार मोजण्याचा असा उपक्रम जगभर २००६ पासून चालू आहे. आपल्या गावाचा अंधार किती होता, याची नोंद आज ठेवली नाही, तर किती गमावला हे उद्या कशाच्या आधारे सांगणार?

म्हणून एक सुचवावेसे वाटते. गावातल्या शाळेत किंवा वाचनालयात महिन्यातून एकदा पाच-दहा जणांनी एकत्र बसून असे व्याख्यान ऐकावे. ते पौर्णिमेच्या आसपास ठेवावे, कारण चांदण्यात मंद तारे तसेही दिसत नाहीत. मग दोन आठवड्यांनी, अमावास्येच्या सुमारास, ऐकलेल्यातली एक तरी गोष्ट शेताच्या बांधावर उभे राहून स्वतः पाहावी आणि वहीत लिहावी. मंडळांनीही प्रत्येक व्याख्यानाच्या शेवटी असा एक गृहपाठ द्यावा आणि पुढच्या महिन्याची सुरुवात गावोगावच्या नोंदी वाचून करावी. एखाद्या महिन्यात त्या यादीत जित्याचे नाव ऐकू आले, तर व्याख्यान इथवर पोहोचले असे समजायचे.