गाणं तोंडपाठ, संगीतकार मात्र अनोळखी

जुन्या हिंदी गाण्यांची आवड आमच्या सिंधुदुर्गातल्या मुस्लिम घरांना नवी नाही. मालवण, वेंगुर्ला, बांदा, सावंतवाडी, कुठेही जा. घरातले बुजुर्ग रफीसाहेबांची दहा-वीस गाणी बसल्या जागी सांगतील. लताबाई, तलत महमूद, नौशाद, शकील बदायुनी ही नावं त्यांना घरच्या माणसांसारखी. पण शाळेच्या मैदानात रांगेत उभं राहून आम्ही सगळ्यांनी म्हटलेल्या 'ऐ मालिक' या प्रार्थनेला चाल कुणी लावली, असं विचारलं की घर एकदम गप्प होतं.

उत्तर दूर शोधायला नको. मालवणला येणारे चाकरमानी ज्या कुडाळ स्टेशनवर उतरतात, त्या कुडाळजवळच्या सोनवडे गावात ९ जून १९१२ रोजी जन्मलेले वसंत देसाई हे तिचे संगीतकार. तेव्हा हा मुलूख सावंतवाडी संस्थानात होता. दशावतार आणि भजनांच्या या मातीतला हा मुलगा कोल्हापूरला प्रभात फिल्म कंपनीत गेला. तिथे त्यांनी छोट्या भूमिका केल्या, गाणी गायली आणि गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव यांच्यासारख्यांच्या हाताखाली काम शिकून घेतलं. पुढे व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर काढलं, तेव्हा देसाई त्यांच्याबरोबर होते. 'शकुंतला' (१९४३) आणि 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) या चित्रपटांनी त्यांचं नाव झालं. मराठीत 'अमर भूपाळी' आणि 'श्यामची आई' यांचं संगीतही त्यांचंच.

'दो आंखें बारह हाथ' आला १९५७ साली. खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना माणसात आणू पाहणाऱ्या जेलरची ही गोष्ट. तिच्या मुळाशी आपल्या महाराष्ट्रातलाच एक प्रयोग होता: औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला उभी राहिलेली कैद्यांची खुली वसाहत. या चित्रपटातली ती प्रार्थना भरत व्यासांनी लिहिली आणि लताबाईंनी गायली. चाल इतकी सरळ ठेवलेली की ज्याला सूर कळत नाही तोही चारचौघांत मिसळून ती म्हणू शकतो. प्रार्थनेला हीच चाल शोभते. ती एकट्याच्या गळ्याची करामत झाली, तर बाकीचे फक्त ऐकत राहतात. आणि तिच्यातला 'मालिक' हा शब्द सूरह फातिहा पाठ असलेल्या आमच्या मुलांना कधीच परका वाटला नाही.

आता याच माणसाचं दुसरं टोक पाहा. १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे'चं शीर्षकगीत त्यांनी उस्ताद अमीर खां यांच्याकडून गाऊन घेतलं. एकेक राग तासन्‌तास उलगडणारे खांसाहेब इथे काही मिनिटांत अडाणा रागाचं सगळं तेज उभं करतात. 'ऐ मालिक' कुणीही म्हणावी. हे गाणं मात्र म्हणायला जाऊ नये, फक्त ऐकावं. त्याच चित्रपटात पंडित शिवकुमार शर्मा यांचं संतूरही वाजलं. तेव्हा हे वाद्य सिनेमाला जवळजवळ अनोळखी होतं.

१९५९ च्या 'गूंज उठी शहनाई'मध्ये पडद्यावर शहनाई राजेंद्रकुमारच्या हातात आहे, पण तिच्यातला श्वास उस्ताद बिस्मिल्ला खां यांचा. बनारसच्या मंदिरात शहनाई वाजवणारे आणि मोहर्रमला तिच्यावरच नौहे आळवणारे हे खांसाहेब. सोबत सतारीवर उस्ताद अब्दुल हलीम जाफर खां, आणि गायला पुन्हा अमीर खां. गाणी रफीसाहेब आणि लताबाईंची, शब्द भरत व्यासांचे. सोनवड्याच्या एका माणसाने ही सगळी मंडळी एका चित्रपटात आणली.

एखाद्या साध्या वादकाकडून उस्तादांची नक्कल करवून घेता आली असती. देसाईंनी तसं केलं नाही. ज्याची विद्या, त्यालाच मानाने बोलवायचं आणि त्याला जागा द्यायची, ही त्यांची रीत. १९७१ च्या 'गुड्डी'मध्ये त्यांनी वाणी जयराम या नव्या आवाजाला हिंदी चित्रपटात संधी दिली. गुलजार यांनी लिहिलेली त्यातली शाळकरी मुलींची प्रार्थनाही पुढे शाळाशाळांत गेली. डिसेंबर १९७५ मध्ये मुंबईत लिफ्टच्या अपघातात देसाई गेले. प्रार्थना मात्र अजून म्हटल्या जातात.

मग नाव का विसरलं गेलं? आधीच्या पिढीला नावं शिकवली ती रेडिओने. १९५२ च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. १९५७ मध्ये विविध भारती आली. अमीन सायानींच्या आवाजाबरोबर चित्रपट, गीतकार, संगीतकार आणि गायक अशी चार नावं कानावर पडत. स्वयंपाक करता करता आमच्या आई-नानींना ती पाठ झाली. आता मोबाईलवर गाणं लागतं, पण खालची नावं कुणी वाचत नाही.

नाव मिळणं सोपं नव्हतं, हेही मुलांना सांगायला हवं. 'महल' (१९४९) मधल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर आधी गायिका म्हणून 'कामिनी' हे चित्रपटातल्या पात्राचं नाव छापलं होतं. गाणाऱ्याचं नाव सांगितलं जावं यासाठी त्या काळी आग्रह धरावा लागला. जे इतक्या कष्टाने मिळालं, ते आपण केवळ आळसाने घालवतो आहोत.

संगीत ऐकावं की नाही, कितपत ऐकावं, याबद्दल आपल्या घरांत वेगवेगळी मतं आहेत. ज्या घरात वाद्य चालत नाही, त्या घराचा आम्ही आदर करतो. पण ज्या घरात गाणी लागतात, तिथे ती नावासकट लागावीत, एवढंच आमचं म्हणणं. कारण नाव गेलं की त्याबरोबर एक साक्षही जाते. हे 'त्यांचं' आणि ते 'आपलं' अशी वाटणी आज मुलांच्या कानावर शाळेत, बसमध्ये, मोबाईलवर रोज पडते. त्यावर भाषण देण्यापेक्षा ही चार नावं एका दमात वाचून दाखवावीत: वसंत देसाई, भरत व्यास, बिस्मिल्ला खां, मोहम्मद रफी. मग विचारावं, या गाण्याची वाटणी कशी करायची?

रात्रीच्या जेवणानंतर दस्तरखान आवरलं की एक गाणं लावावं. ते संपल्यावर मुलांनी चार नावं सांगायची, आणि एखादं अडलं तर घरातल्या बुजुर्गांना विचारायचं. आमच्या जिल्ह्यातल्या घरांनी सुरुवात सोनवड्यापासून करावी.