समुद्र आणि ऊर्जेच्या कायद्यात परदेशी एलएलएम: डिग्री मिळते, पण वकिली करता येते का?

मार्च २०२१. 'एव्हर गिव्हन' नावाचं ४०० मीटर लांब जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस कालवा बंद राहिला. त्यावरचे मीम्स तुम्हीही फॉरवर्ड केले असतील. पण खरी भानगड जहाज मोकळं झाल्यावर सुरू झाली. मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, झेंडा पनामाचा, जहाजावरचे २५ कर्मचारी भारतीय आणि घटना इजिप्तमध्ये. मग भरपाई कोणी द्यायची? आणि कुठल्या देशाच्या कायद्याने? इजिप्तने जहाजच अडकवून ठेवलं. तडजोड झाल्यावर जुलैमध्ये ते सुटलं.

असे गुंते सोडवतो तो सागरी कायदा, म्हणजेच मॅरिटाइम लॉ.

मग त्यात एनर्जी लॉ कुठून आला?

कारण तेल आणि गॅस मोठ्या प्रमाणावर जहाजानेच येतात. पेट्रोनेट ही भारतीय कंपनी कतारहून दीर्घ मुदतीच्या कराराने एलएनजी आणते. २०१५ मध्ये बाजारातले भाव कोसळले आणि करारातला भाव महाग पडू लागला. कंपनीने कमी गॅस उचलला. पण करारात 'टेक ऑर पे' कलम होतं. म्हणजे माल उचला, नाहीतर तसेच पैसे भरा. दंडाचा आकडा सुमारे १२ हजार कोटी रुपयांवर गेला. शेवटी वाटाघाटी होऊन भावाचं सूत्र बदललं आणि दंड माफ झाला.

हा झाला एनर्जी लॉ. पण तोच गॅस आणणारं जहाज बंदरात ठरल्यापेक्षा जास्त दिवस उभं राहिलं तर डेमरेज कोणी भरायचं? हा प्रश्न सागरी कायद्याचा. समुद्रातल्या तेलविहिरी आणि पवनचक्क्यांच्या बाबतीतही दोन्ही कायदे लागतात. म्हणून अनेक जण दोन्हीकडचे विषय एकत्र निवडतात.

शिकायला कुठे जातात?

ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टन आणि स्वान्सी ही सागरी कायद्यासाठी नावाजलेली विद्यापीठं. तेल आणि गॅसच्या कायद्यासाठी स्कॉटलंडमधलं अ‍ॅबर्डीन. कारण उत्तर समुद्रातल्या तेलाचा धंदा त्याच शहरातून चालतो. नॉर्वेत ओस्लो विद्यापीठाची सागरी कायद्याची संस्था १९६३ पासून आहे. आशियात सिंगापूर, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचं तुलेन. माल्टामध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेची स्वतःची कायदा संस्था आहे आणि तिथल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात.

ब्रिटनकडे ओढा जास्त, त्यामागे कारण आहे. जहाजाच्या करारातले दोन्ही पक्ष ब्रिटिश नसले तरी 'इंग्लिश कायदा लागू, वाद लंडनच्या लवादात' असं कलम अनेकदा असतं. त्यामुळे तिथे शिकलेला कायदा मुंबईत किंवा दुबईतही उपयोगी पडतो.

एलएलएम झालं की तिथे वकील होता येतं का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच. एलएलएम ही अभ्यासाची पदवी आहे, वकिलीचा परवाना नाही. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायचं तर एसक्यूई परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव वेगळा लागतो. भारतात प्राध्यापक व्हायचं असेल तर एक वर्षाच्या परदेशी एलएलएमला इथे समकक्ष मान्यता मिळते का, हे बार कौन्सिलच्या नियमांत आधीच तपासा.

मग नोकरी कुठे मिळते? शिपिंग आणि ऊर्जा कंपन्यांचे कायदा विभाग, लॉ फर्म, विमा कंपन्या आणि जहाजमालकांचे 'पी अँड आय क्लब'. हे क्लब म्हणजे जहाजमालकांनी एकमेकांचा विमा उतरवण्याची भिशीच म्हणा ना.

पैशांचं काय?

ब्रिटनमधलं एलएलएम साधारण एका वर्षाचं, त्यामुळे राहण्याचा खर्चही एकाच वर्षाचा. नॉर्वेत पूर्वी शिक्षण मोफत होतं, पण २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लागू झाली. जुने यूट्यूब व्हिडिओ पाहून हिशेब करू नका. ब्रिटनसाठी चेवनिंग शिष्यवृत्ती आहे. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण तिला जागतिक क्रमवारीची अट असते. इथेच गोची होते. स्वान्सीचं शिपिंगमध्ये नाव मोठं, पण एकूण क्रमवारीत ते बरंच खाली असतं. म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची अट वाचा.

आणि परत आल्यावर?

इथे काम आहे. १९८४ मध्ये 'एम. व्ही. एलिझाबेथ' हे परदेशी जहाज माल भरून, पण त्याची कागदपत्रं न देताच गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघून गेलं. पुढे ते विशाखापट्टणमला आल्यावर कोर्टाच्या आदेशाने अडकवलं गेलं. आपल्या उच्च न्यायालयांना असा अधिकार आहे, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये शिक्कामोर्तब केलं. २०२५ मध्ये तर संसदेने बंदरं, जहाजं आणि मालवाहतुकीचे पाच नवे कायदे केले. त्यांचा अर्थ लावणारी माणसं लागणारच.

पण कर्ज काढण्याआधी एक करा. मुंबईत जहाजांचे खटले चालवणाऱ्या एखाद्या वकिलाकडे महिनाभर इंटर्नशिप करा. बिल ऑफ लेडिंग आणि विम्याच्या फायली वाचताना कंटाळा आला, तर तो लाखो रुपये भरण्याआधी आलेला बरा.